वाटीचं वजन: कप, वाटी आणि ग्रॅमचा हिशेब घरच्या घरी कसा लावायचा

विट्याच्या जाऊबाईंचा परवा दुपारी फोन आला, म्हणाल्या, "अगं तू त्या दह्याच्या केकला दीड कप मैदा लिहून दिलायस, तो कप म्हणजे चहाचा कप का आपली आमटीची वाटी?" आणि प्रश्न अगदी बरोबर होता, कारण त्यांनी मैदा घेतला होता चहाच्या कपानं, दही घेतलं होतं वाटीनं, तेल घेतलं होतं कुठल्यातरी तिसऱ्याच भांड्यानं, आणि केक मधोमध खड्डा पडून बसला होता. त्यांच्या घरात गलाईचा, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करायचा धंदा आहे, भाऊजी वर्षातले दहा महिने दक्षिणेत दुकानावर असतात, सोनं मिलिग्रॅमपर्यंत मोजायचं हे त्या घरातल्या पोरांनाही कळतं. तर मी त्यांना फोनवर जे अर्धा तास सांगितलं ते सगळं इथं नीट लिहून काढते, कारण हा प्रश्न मला दर दिवाळीला आणि दर वाढदिवसाच्या सीझनला कुणी ना कुणी विचारतंच.

पहिली गोष्ट डोक्यात पक्की करायची ती ही की वाटी जागा मोजते आणि काटा माल मोजतो. माझं माहेर कोरेगावकडचं, आजी ज्वारी पायलीनं मोजायची, चार शेराची पायली, आणि माप शिगोशीग भरायचं का वरनं हात फिरवून सपाट करायचं यावरनं खळ्यावर बोलाचाली व्हायची हे मी लहानपणी बघितलंय. तीच पायली ज्वारीची भरली तर एक वजन, चुरमुऱ्याची भरली तर भलतंच हलकं. देशात वजनमापांचा कायदा १९५६ साली झाला आणि मग हळूहळू किलो-लिटर आलं, पण स्वयंपाकघरात वाटी राहिली ती राहिलीच, आणि भाजी-आमटीला तिनं काही बिघडत नाही कारण आपण चव घेत घेत जातो. केकला चव घेत जाता येत नाही ना, एकदा भांडं ओव्हनमध्ये गेलं की संपलं, म्हणून इथं वजन पाहिजे.

आता कप म्हणजे नेमका किती, तर इथंच पहिला घोळ आहे. अमेरिकन रेसिपीतला कप साधारण २३७ मिली, तिकडं पाकिटांवर छापताना तो २४० धरतात, ऑस्ट्रेलियातला २५०, जपानी रेसिपीतला २००. टीस्पून सगळीकडं ५ मिलीच्या जवळपास आणि टेबलस्पून १५ मिली, फक्त ऑस्ट्रेलियातला टेबलस्पून २० मिलीचा असतो, म्हणजे तिकडची रेसिपी असेल तर हे ध्यानात ठेवायचं. मी खाली सगळीकडं २४० चा कप धरलाय. आणि आपल्या घरातली वाटी? तिला आकडाच नाही, कुणाची १२० ची असते, कुणाची १८० ची, लग्नात आलेल्या सहा वाट्यांच्या सेटमधल्या वाट्या तरी एकसारख्या असतात पण दोन सेटांतल्या नसतात.

मी स्वतः सुरुवातीला ऑनलाइन एक कप-सेट मागवला होता, रंगीत प्लास्टिकचा, कपावर ठळक २५० लिहिलेलं, आणि दोन वर्षं मी त्यावर विश्वास ठेवून ऑर्डरी केल्या. मग काटा घेतला आणि सहज म्हणून त्यात पाणी भरून वजन केलं तर काठोकाठ भरून २३० ग्रॅम. म्हणजे कपावर काय छापलंय ते बघू नका, पाणी काय म्हणतं ते बघा. आणि आपल्याला करायचंय ते हेच, कारण १ मिली पाण्याचं वजन १ ग्रॅम, त्यामुळं पाणी म्हणजे घरातलं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात खरं माप.

तर असं करा. काटा ओट्याच्या सपाट भागावर ठेवा, खाली पेपर किंवा फडकं नको, नाहीतर काटा डुगडुगतो. रिकामी कोरडी वाटी ठेवा, शून्य करायचं बटण दाबा, त्यावर बहुतेक टी किंवा टेअर लिहिलेलं असतं. मग वाटी काठोकाठ पाण्यानं भरा, पण ओतताना डोळा काठाच्या रेषेत आणा, वरनं बघितलं तर भरल्यासारखी वाटते आणि भरलेली नसते. जो आकडा येईल तो तुमच्या वाटीचा आकडा. माझ्या वाटीचा आला १५०. तो मी पर्मनंट मार्करनं वाटीच्या बुडाला लिहून ठेवलाय, आणि ती वाटी आता फक्त बेकिंगची, तिच्यात कुणाला शेंगदाणे काढून द्यायचे नाहीत.

काटा नसेल तर? एकदा शेजारच्यांचा मागून आणा, एवढंच काम आहे, पण खरं सांगायचं तर आठवड्यातनं एक केक जरी करत असाल तर घ्याच. ५ किलोपर्यंत जाणारा आणि १ ग्रॅमनं बदलणारा साधा किचनचा काटा पुरतो. नवा काटा बरोबर दाखवतोय का हे बघायचं असेल तर दहा रुपयांची दोन रंगांची नाणी गोळा करा, एक नाणं ७.७ ग्रॅमच्या आसपास असतं, दहा नाणी ठेवली की ७७ च्या जवळपास दाखवलं पाहिजे. ७० किंवा ८५ दाखवत असेल तर आधी बॅटरी बदला, आणि तरीही तसाच असेल तर काटा परत करा.

आता पुढचं. वाटीचा पाण्याचा आकडा हातात आला की प्रत्येक जिन्नसाला एका ठरावीक आकड्यानं गुणायचं, की त्या वाटीत तो जिन्नस किती ग्रॅम मावेल ते निघतं. मैद्याला ०.५२, साखरेला ०.८५, पिठीसाखरेला ०.५, कोको पावडरला ०.३५, रव्याला ०.७, तेलाला ०.९२, पातळ तुपाला ०.९, बटरला ०.९५, मधाला १.४, कंडेन्स्ड मिल्कला १.३, बेदाण्याला ०.६. दूध आणि दही पाण्यापेक्षा किंचित जड, पण घरच्या कामाला पाण्याइतकंच धरलं तरी काही फरक पडत नाही. चक्कीवरचं गव्हाचं पीठ मी मैद्यासारखंच धरते. म्हणजे माझ्या १५० च्या वाटीत मैदा ७८ ग्रॅम, साखर १२७, कोको ५२, तेल १३८, मध २१०. बघा की, एकाच वाटीत ५२ पासनं २१० पर्यंत, आणि आपण म्हणतो एक वाटी म्हणजे एक वाटी.

तेलाचा आकडा खरा का खोटा हे बघायला कुठं जायला नको, तेलाच्या पिशवीवरच असतं. एक लिटरच्या बऱ्याच पिशव्यांवर १ लिटर आणि त्याच्याच बाजूला ९१० ग्रॅम असं छापलेलं दिसेल. माझ्या मोठ्या पोरीला मी हेच दाखवून समजावलं होतं, ती सातवीत होती, तिला शाळेतली घनता कळत नव्हती, पिशवी बघून लगेच कळली. आणि याच कारणासाठी काट्यावर जे मिलीचं बटण असतं ना, ते तेलाला वापरू नका. तो काटा बिचारा सगळ्याला पाणीच समजतो, त्यात १०० मिली दाखवेपर्यंत तेल ओतलं तर खरं तेल १०९ मिलीच्या आसपास गेलेलं असतं.

मैद्याबद्दल मात्र जरा थांबून सांगते, कारण दहातले आठ केक मैद्यानं बिघडतात. मी एकदा मुद्दाम एकाच २४० च्या कपानं, एकाच डब्यातला मैदा, तीन पद्धतीनं मोजला. कप सरळ डब्यात खुपसून भरून काढला आणि वरनं सुरीनं सपाट केला, तर १४८ ग्रॅम. डब्यातला मैदा आधी चमच्यानं हलवून मोकळा केला आणि मग चमच्याचमच्यानं कपात हलक्या हातानं टाकला, सपाट केला, तर १२४. आणि कपावरच चाळणी धरून चाळून भरला तर १०८. एकच कप, एकच मैदा, आणि ४० ग्रॅमचा फरक! दीड कपाला तो फरक ६० ग्रॅमचा होतो, म्हणजे माझी पाऊण वाटी मैदा कमी नाहीतर जास्त, आणि तेवढ्यानं केक कोरडा ठक्क होतो नाहीतर बसतो. रेसिपीत कप लिहिला असेल आणि पद्धत लिहिली नसेल तर मी दुसरी पद्धत धरते, म्हणजे कपाला १२० ते १२५ ग्रॅम. कप थोपटू नका, आपटू नका, चापून भरू नका. पावसाळ्यात आपल्याकडं कृष्णेकाठी हवा इतकी दमट होते की मैद्याच्या डब्यात गठळ्या धरतात, तेव्हा तर वाटीनं मोजलेल्या मैद्याचा काही भरवसाच नसतो, काट्यावर मात्र विशेष फरक पडत नाही.

इथंच अजून एक बारीक गोष्ट, जी मला फार उशिरा कळली. "एक कप मैदा, चाळून" आणि "एक कप चाळलेला मैदा" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्यात आधी मोजायचं मग चाळायचं, दुसऱ्यात आधी चाळायचं मग मोजायचं, आणि वर बघितलंच की फरक किती येतो. साखरेला तर याच्याहून जास्त. सासूबाईंच्या वहीत नानकटाईला "एक वाटी साखर दळून" असं आहे, आणि मी पहिल्या वर्षी एक वाटी दळलेली साखर घेतली. आता एक वाटी दाणेदार साखर मिक्सरला फिरवली की तिची जवळजवळ पावणेदोन वाट्या पिठीसाखर होते, वजन तेवढंच पण जागा वाढली. म्हणजे मी घातली ती त्यांच्या साखरेच्या दहा आणे पण नसेल... थांबा, नीट हिशेबच सांगते, माझ्या वाटीत पिठीसाखर ७५ ग्रॅम आणि साखर १२७, म्हणजे ५२ ग्रॅम साखर कमी पडली. नानकटाई अगोड झाली, आणि सासूबाई म्हणाल्या, "अगं साखर विसरलीस का काय?"

नानकटाईवरनं आठवलं, दिवाळीत बेकरीच्या भट्टीवर आपण सगळ्या जातो की नानकटाई भाजून आणायला, तिथला माणूस कधी वाटी विचारत नाही, मैदा किती किलोचा एवढंच विचारतो, आणि त्यावरनं तूप-साखर सांगतो. त्यांचं काम कधी चुकत नाही त्याचं कारण हेच.

तुपाचं आणि बटरचं वेगळं दुखणं आहे. थंडीत तूप घट्ट असतं, वाटीत भरलं तर मधे पोकळ्या राहतात आणि वाटी भरलेली दिसते, म्हणून घट्ट तूप वाटीनं मोजूच नका, पातळ करून मोजा नाहीतर सरळ काट्यावर घ्या. रेसिपीत "पातळ केलेलं" असं नसेल तर मोजून झाल्यावर परत थिजू द्या, कारण फेटायला घट्टच लागतं. बटरला सगळ्यात सोपं, १०० ग्रॅमची वडी येते, सुरीनं मधोमध कापली की ५० आणि त्याच्या निम्मी २५. अमेरिकन रेसिपीत "एक स्टिक बटर" असतं ती ११३ ग्रॅमची, म्हणजे अर्धा कप. एक टेबलस्पून बटर १४ ग्रॅम. आपल्याकडची पिवळी वडी खारट असते, तेव्हा रेसिपीतलं मीठ वगळायचं.

आता छोटे चमचे. इथं उलटं आहे, इथं काटा नको. बेकिंग पावडर १ टीस्पून म्हणजे ४ ग्रॅम, सोडा अर्धा टीस्पून म्हणजे ३ ग्रॅमच्या आसपास, इन्स्टंट यीस्ट १ टीस्पून ३ ग्रॅम, बारीक मीठ १ टीस्पून ६ ग्रॅम. साधा काटा १ ग्रॅमनंच बदलतो, त्यामुळं ३ ग्रॅम सोडा मोजायला गेलात तर तो अडीच पण असू शकतो आणि साडेतीन पण. जाऊबाईंच्या घरी सोन्याचा काटा आहे त्यांची गोष्ट वेगळी, आपण चमचानंच मोजायचं, पण चमचा कुठला? घरातले चहाचे चमचे ३ मिलीचे पण असतात आणि ६ चे पण. मेडिकलमधनं ५ मिलीची सिरिंज आणा, सुई नको म्हणून सांगा, तिच्यात ५ मिली पाणी ओढा आणि चमच्यात सोडा. चमचा बरोबर काठोकाठ भरला तर तो तुमचा टीस्पून. सांडायला लागलं तर थांबा, सिरिंजमध्ये किती उरलं ते बघा आणि ते ५ मधनं वजा करा, तो चमच्याचा आकडा. आणि चमचा कायम सपाट, सुरीच्या पाठीनं ओढून. शीग लावलेला सोडा जवळजवळ दुप्पट होतो आणि मग केकला साबणासारखी चव येते, ती कुठल्याच इसेन्सनं झाकत नाही.

मला कुणीकुणी म्हणतं की आमच्या आईनं सगळं आयुष्य वाटीनं केक केला आणि कधी बिघडला नाही. बरोबर आहे, आणि त्याचं कारण पण आहे. सगळे जिन्नस जर एकाच वाटीनं घेतले तर वाटी लहान असो का मोठी, सगळ्यांचं एकमेकांशी प्रमाण तेच राहतं, फक्त केक लहान-मोठा होतो. घोटाळा कुठं होतो, तर जे वाटीनं मोजत नाहीत तिथं. अंडी दोन म्हणजे दोनच, सोडा अर्धा चमचा म्हणजे तेवढाच, कंडेन्स्ड मिल्कचा डबा म्हणजे अख्खा डबा. वाटी १५० ची आणि रेसिपीतला कप २४० चा, म्हणजे मैदा-साखर पडणार निम्म्याला थोडी वर आणि सोडा पडणार पूर्ण. जाऊबाईंचं तर त्याहून पुढचं झालं, तीन भांडी तीन मापांची.

तर आता त्यांचाच केक आपण ग्रॅममध्ये करू. माझा कागद असा होता: दीड कप मैदा, एक कप साखर, एक कप दही, अर्धा कप तेल, सव्वा टीस्पून बेकिंग पावडर, अर्धा टीस्पून सोडा. ग्रॅममध्ये झालं मैदा १९०, साखर २००, दही २४५, तेल ११०, बेकिंग पावडर ५, सोडा ३. बेकिंग पावडर आणि सोडा चमच्यानं, बाकी सगळं एकाच पातेल्यात काट्यावर घेता येतं, दही ओतलं की बटण दाबून शून्य, साखर टाकली की परत शून्य, मग तेल, वाट्या धुवायला पडत नाहीत हा आणि एक फायदा. फक्त जिन्नस एकावर एक पडतात त्यामुळं जास्त पडलेलं काढता येत नाही, म्हणून शेवटचे दहा ग्रॅम चमच्यानं टाका, आणि एकदम चिमूट-चिमूट टाकलं तर काही काटे ते धरतच नाहीत, तेव्हा अधूनमधून पातेलं उचलून परत ठेवा. दही-साखर-सोडा-बेकिंग पावडर फेटून पाच मिनिटं ठेवा, फेस येतो, मग तेल, मग मैदा चाळून. आठ इंची गोल भांडं, ओव्हन १८० डिग्री, रेसिपीत ३५० लिहिलेलं असेल तर ते फॅरनहाइट, म्हणजे हेच १८०. पस्तीस-चाळीस मिनिटं.

आणि काटा नाहीच, वाटीच आहे, तर उलटा हिशेब. जेवढे ग्रॅम पाहिजेत त्याला वाटीत मावणाऱ्या ग्रॅमनं भागायचं. माझ्या वाटीनं मैदा १९० भागिले ७८, म्हणजे अडीच वाटीला जरासा कमी. साखर २०० भागिले १२७, दीड वाटी आणि वर एक टेबलस्पूनला थोडी कमी. दही पण दीड वाटी आणि वर एक मोठा चमचा. तेल ११० भागिले १३८, पाऊण वाटी आणि वर दीड टीस्पून. वरचं उरलंसुरलं टेबलस्पूननं भरायचं, एक सपाट टेबलस्पून मैदा ८ ग्रॅम, साखर १२ ते १३, तेल १४. समजा कुठं ३०० ग्रॅम मैदा लिहिलाय, तर पावणेचार वाट्या आणि एक टेबलस्पून, बरोबर बसतो.

औंस दिसला तर सावध व्हा. वजनाचा औंस २८ ग्रॅमच्या थोडा वर आणि पातळ पदार्थाचा फ्लुइड औंस साडेएकोणतीस मिली, नाव एकच पण एक वजन आहे आणि एक माप. ८ औंस चॉकलेट म्हणजे वजनानं २२७ ग्रॅम, ते कपात भरून मोजायचं नाही. पाउंड म्हणजे ४५४ ग्रॅम, पण आपल्याकडं केकवाले अर्ध्या किलोलाच एक पाउंड म्हणतात, ते चालून जातं.

काही गोष्टींना मी आकडा देत नाही. गूळ एक, कारण किसलेला, चिरलेला आणि पावडर यांत जमीन-अस्मानाचा फरक, आणि आपल्या इकडचा गूळ कधी मऊ कधी खडखडीत, तो काट्यावरच घ्या. केळं दुसरं, "तीन केळी" लिहिलेलं असतं पण वेलची केळी तीन आणि मोठी तीन यांचं काय जमणार, सोलून कुस्करून वजन करा. अंडं आपल्याकडं सालीसकट ५० ते ५५ ग्रॅमचं असतं, आणि अमेरिकन रेसिपीतलं मोठं अंडं साल काढून ५० चं, तेव्हा तीन-चार अंड्यांची रेसिपी असेल तर फोडून वजन करा, कमी पडलं तर चमचाभर दूध घाला. तासगावचा बेदाणा चिकट असेल तर वाटीत दाबून बसतो आणि कोरडा असेल तर मोकळा राहतो, ०.६ हा मोकळ्याचा आकडा आहे.

मध आणि कंडेन्स्ड मिल्क वाटीनं घ्यायचं असेल तर वाटीला आधी आतनं तेलाचं बोट फिरवा, सगळं सुटून येतं, नाहीतर टेबलस्पूनभर तरी वाटीलाच चिकटून राहतं आणि ते मोजण्यात धरलेलं असतं पण केकात गेलेलं नसतं.

हे सगळे आकडे मी एका कागदावर लिहून कपाटाच्या दाराला आतनं चिकटवलेत, वर मोठ्या अक्षरात "वाटी = १५०" आणि खाली गुणायचे आकडे. मागच्या श्रावणात त्या वाटीतनं शेजारी पुरणाचं सारण दिलं आणि ती वाटी कुठं गेली ती गेलीच, नवीन काढली ती पाण्यानं १६५ ची निघाली. कागदावर फक्त वरची ओळ खोडली आणि १६५ लिहिलं, खालचं सगळं तसंच आहे.